घट

शालननं पाटी हातात दिली.
उद्या घट बसायचे,
वरच्या तुकड्यातली माती आणा म्हणाली, तिथली मऊ असते.
कालच विट्याच्या स्टँडवर उतरलो होतो,
अंगाला अजून तेजाबाचा वास होता
आणि खानापूरच्या माळावर नेहमीसारखा वारा.

बांधापाशी आलो आणि थांबलो.
ओळीनं दगड. रंगवलेले.
अलीकडची बाजू पांढरी, पलीकडची लाल.
पाय उचलेना.

तिकडं असेच होते दगड.
लढाई संपून वर्ष झालं होतं त्या मुलखात.
जाफन्याच्या वाटेवर बस थांबली की कंडक्टर म्हणायचा,
मोकळं व्हायला उतरा, पण डांबर सोडू नका.
पांढऱ्याच्या आत पाय टाकायचा.
लालच्या पुढं गवत बघा कसं माजलंय,
तिथं अजून गुरं जात नाहीत.
दोन्ही अंगाला ताडाची झाडं,
उभीच्या उभी, मुंडकी नसलेली.
एका शाळेला छप्पर नव्हतं,
पण फळ्यावर तारीख त्याच दिवसाची होती
आणि पोरं पाढे म्हणत होती, आपल्याच चालीवर.
मी खिडकीतनं बे चोक आठ म्हणून घेतलं.

मला शेटनं धाडलं होतं मदुरैहून, भाषा येते म्हणून.
चौदाव्या वर्षी चुलत्यामागं गेलो,
तेव्हापासून मूस आणि भाता.
गलाईवाल्याला लढाईतलं काय कळणार?
कुणाची चूक, कुणी आधी,
हे विचारायचं नाही, एवढं पहिल्या आठवड्यातच समजलं.
आम्हाला कळतो कस. आणि वजन.

लोक सोनं आणायचे ते मातीसकट.
पळताना परसात पुरलेलं,
लोणच्याच्या बरणीत, दुधाच्या डब्यात.
माघारी येऊन, कुठल्या झाडापासून किती पावलं
ते आठवून आठवून उकरलेलं.
ज्यांचं झाडच राहिलं नव्हतं, त्यांची पावलं चुकायची.
आणि स्वतःच्या परसात खणायलाही
आधी माणूस न्यावा लागायचा,
काठीनं टोचत टोचत, वीतभर पुढं, वीतभर पुढं.

पुष्पराणीनं पदराच्या गाठीतनं काढला तो दागिना नव्हता.
सुपारीएवढा गोळा, काळा.
त्यात तिची ताली होती, म्हणजे आपलं डोरलं,
लेकीच्या कुड्या होत्या,
कडेला काचेचा एक थेंब चिकटलेला.
घराबरोबरच आटलं, अण्णा, ती म्हणाली,
तुमचं अर्धं काम झालंय.
अण्णा. हा शब्द तिकडंही तोच, थोरल्या भावाचाच.

मी मूस तापवली, सवागी टाकली.
घट किती येईल, तिनं विचारलं.
आमच्यात ती आधी सांगावी लागते,
आटताना जेवढं जातं तेवढी.
गुंजभर, मी म्हणालो. फार तर दोन.
ती हसली.
एवढीच?

वहीत घट लिहिली, गुंजा दोन.
मजुरीचा रकाना कोराच राहिला, तो आजही तसाच आहे.

काय हो, बुजगावण्यासारखं उभं राहिलाय?
जालिंदरचा पोरगा गाडीवर आला होता.
लाल बाजूवर बूट टेकून म्हणाला,
मोजणीवाल्यांनी ठोकलेत, रस्ता जाणार, भाव बरा देतील म्हणतात.
तो बांध ओलांडून विहिरीकडं गेला.
मी त्याच्या पावलात पाऊल टाकत गेलो,
नेमकं,
टाचेवर टाच.
पाटी भरली.

घरी तीनदा चाळली.
काय हुडकताय एवढं, शालन म्हणाली.
खडे, म्हणालो.
तिनं धान्य पेरलं, पाणी शिंपडलं, मधोमध मडकं ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे
मातीला बारीकसा तडा गेला.
मी मागं सरलो, भिंतीपर्यंत.
शालन म्हणाली, बघा की,
उगवायला लागलंय.